पी००४५ : सोलेनॉइड नवा घातला, तरी कुंभार्ली घाटात पिकअप जातो

मास्तर_चिपळूण

नमस्कार. गाडी २०१५ ची, दीड लिटर डिझेल, व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्या हलवून हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, कमी-जास्त करणारा), त्या पात्या हलवणारा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा. रनिंग सव्वा लाखाच्या आसपास. आई-वडील कराडला असतात, त्यामुळे कुंभार्ली घाटातून सतत येणं-जाणं.

त्रास असा, की घाट निम्मा चढून झाला की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकदम पिकअप जातो. चेक लाईट लागते आणि २५०० आरपीएमच्या वर गाडी चढतच नाही. मागे एसटी, पुढे ट्रक, वळणावर बाजूला घ्यायलाही जागा नसते. कुठेतरी थांबून चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी पहिल्यासारखी पळते. सपाटीला हे फार क्वचित होतं.

स्कॅनरवर कोड पी००४५, म्हणजे बूस्टच्या सोलेनॉइडचं सर्किट. एकदा त्याच्यासोबत पी०४०३ पण आला होता, नंतर दिसला नाही. कोड पडला त्या क्षणाची नोंद स्कॅनरने दाखवली ती अशी: आरपीएम २१००, वेग ३४, कूलंट ९३ अंश.

गॅरेजमध्ये बूस्टचा सोलेनॉइड (टर्बोकडे जाणारा व्हॅक्यूम सांभाळणारा विजेचा व्हॉल्व्ह) बदलून झाला, व्हॅक्यूमचे पाईप नवे टाकले. थोड्याच दिवसांत तोच कोड परत. फ्यूज चांगला आहे. सोलेनॉइडच्या कपलरवर (वायरींच्या प्लगवर) मीटर लावला तर १२.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरीइतकेच. त्यावरून वायरिंग ठीक आहे असं मेकॅनिकचं मत झालं, आणि आता ते म्हणतात एकतर टर्बो उतरवू, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तपासायला बाहेर पाठवू. दोन्हींचा खर्च मोठा. आधी काय करावं? मीटर घरी आहे आणि वापरता येतो, शाळेत विज्ञान शिकवतो.


नाशिकचा_डिझेलवाला

मास्तर, सव्वा लाख झालेत म्हणजे व्हीजीटीच्या पात्यांवर काजळी बसलेली असणार. गावात कमी आरपीएमवर गाडी फिरली की पात्या जाम होतात आणि घाटात भार आला की त्या वेळेवर हलत नाहीत. माझ्या गाडीला हेच झालं होतं, कसारा चढताना गाडी बसायची. टर्बो उतरवून साफ करून घेतला, आता तक्रार नाही. सोलेनॉइड बदलून फरक पडला नाही याचा अर्थ दोष पुढे आहे, टर्बोतच. उतरवून घ्या.


कराडचा_वायरमन

मास्तर, टर्बो उतरवू नका आणि ईसीयूही कुठे पाठवू नका. नाशिकच्या भाऊंचं म्हणणं त्यांच्या गाडीपुरतं खरं असणार, पण त्यांना कोड कुठला आला होता ते त्यांनी लिहिलेलं नाही. पात्या जाम असल्या तर येतो पी०२९९, म्हणजे बूस्ट मागितला तेवढा मिळाला नाही. कधी उलटं, पी०२३४, म्हणजे जास्त झाला. हे दोन्ही कोड ईसीयू बूस्टच्या सेन्सरकडे बघून टाकतो. पी००४५ टाकताना तो हवेच्या दाबाकडे बघतच नाही. तो बघतो स्वतःच्या पिनवर किती व्होल्ट आहेत ते. टर्बो काढून बाकड्यावर ठेवला तरी हा कोड येणार नाही, आणि टर्बो कोरा करकरीत बसवला तरी हा कोड जाणार नाही. सोलेनॉइडची कॉइल, दोन वायरी, कपलर, फ्यूज-रिले आणि ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर, एवढाच त्याचा मुलूख. कॉइल तुम्ही बदललीत. ईसीयूतला ट्रान्झिस्टर खरंच गेला असता तर चावी फिरवून गाडी पुन्हा ठणठणीत व्हायची शक्यता फार कमी. राहिल्या वायरी.

आणि पी०४०३ कडे तुम्ही एका ओळीत बघून पुढे गेलात, माझ्या मते सगळ्या गोष्टीत तीच मोठी खूण आहे. पी०४०३ म्हणजे ईजीआरचं (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं) सर्किट. ईजीआरचा आणि बूस्टचा सोलेनॉइड यांना प्लसची वायर बऱ्याच गाड्यांत एकाच फ्यूजवरून येते. मेन रिले, फ्यूज, एक वायर, मग हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) पोटात टेपखाली एक जॉइंट, आणि तिथून फाटे. दोन सोलेनॉइड एकाच घाटात एकाच वेळी जळत नाहीत. दोघांचा वाटा जिथून फुटतो तिथे, किंवा त्याच्या अलीकडे, काहीतरी सुटतंय. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर आधी तो जॉइंट शोधा.

आता तुमचे १२.४ व्होल्ट. याच आकड्याने माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे पैसे वाया गेलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला हिशेब लगेच पटेल. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स सहसा १० मेगाओहम असतो. कपलर काढून मीटर लावला की वायरीतून करंट वाहतो सव्वा मायक्रोअँपियर. समजा वायर आतून कुजलीय आणि तिच्यात हजार ओहमचा अडथळा आहे. त्या अडथळ्यावर किती व्होल्ट पडतील? सव्वा मिलिव्होल्ट. मीटर बिनधास्त १२.४ दाखवणार. आता त्याच वायरीवर सोलेनॉइड जोडा. त्याची कॉइल, गाडीप्रमाणे, १० ते ३० ओहमच्या दरम्यान असते, तुमची १४ धरू. तिला लागतो जवळजवळ एक अँपियर. हजार ओहमच्या पलीकडून ती हलणारसुद्धा नाही. भार न देता वायर मोजणं म्हणजे घागर न बांधता विहिरीचा दोर तपासणं. कंटिन्युइटीचा बझर वाजला म्हणून वायर चांगली, हेही तसंच. दहा-वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो.

म्हणून भार लावून मोजा. पार्किंग लाईटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट, दोन वायरी जोडून. तो ०.४ अँपियर घेतो. सोलेनॉइडचा कपलर काढा. चावी ऑन, इंजिन बंद. कपलरच्या दोन पिनांत एकीवर बॅटरीचे व्होल्ट असतील, ती प्लस. दुसरी ईसीयूकडे जाते. तिच्यावर काही गाड्यांत दोन-चार व्होल्ट दिसतात, ते ईसीयूच तपासणीसाठी सोडतो, घाबरू नका. बल्बची एक वायर प्लसच्या पिनेत आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला, बॉडीला नको. बल्ब पेटू द्या आणि पेटलेला असतानाच त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. त्याच वेळी बॅटरीवर किती आहेत तेही बघा. दोन्हींत फरक ०.३ व्होल्टच्या आत असला तर प्लस चांगली. जास्त असला तर मीटरचं मायनसकडचं टोक तसंच ठेवून दुसऱ्या टोकाने मागे मागे जा, फ्यूजच्या बाहेरच्या बाजूला, मग आतल्या बाजूला. व्होल्ट जिथे परत भरून येतात, त्याच्या आणि तुमच्या मधे दोष.

बल्ब पेटलेला असतानाच हार्नेस हलवा. ओढू नका, हलवा. विशेष करून बॅटरीच्या ट्रेखाली, इंजिन आणि बॉडी यांच्या मधला जो तुकडा लोंबता असतो तिथे, आणि ईजीआरच्या पाईपाजवळून जातो तिथे. घाटातच का होतं याचं उत्तर इथे आहे. दुसऱ्या गिअरला चढताना वेग नसतो म्हणून वारा नसतो, बॉनेटखाली भट्टी झालेली असते, आणि प्रत्येक वेळी पॅडल दाबलं की इंजिन आपल्या माउंटिंगवर कलतं आणि हार्नेसला ताण बसतो. सपाटीला यातलं काहीच फारसं होत नाही. म्हणून तपासणीही इंजिन चांगलं तापवून करा. थंड गाडीत हा दोष सापडेल याची खात्री नाही.

तीन गोष्टी करू नका. ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीला बॅटरीचा प्लस थेट देऊ नका. ईसीयूचा ट्रान्झिस्टर त्या वायरीला अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनस) देऊन सोलेनॉइड चालवतो, त्याला मधे कॉइल नसताना सरळ १२ व्होल्ट दिले तर तो जाऊ शकतो आणि मग खरोखर ईसीयूचा खर्च येईल. वायरीला टाचणी टोचून मोजू नका. कोकणात त्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत तिथेच वायर हिरवी पडते. कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवा. आणि कपलरच्या मादी पिनेत मीटरचा जाड टोकदार प्रोब खुपसू नका. पिन फाकते, मग सोलेनॉइडची सळई तिच्यात सैल बसते आणि आपणच नवा दोष तयार करतो. नव्या सोलेनॉइडनंतर कपलर घट्ट बसतोय का, पिना पकड धरतात का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

एक प्रश्न राहिला. गाडी चिपळूणची आहे आणि २०१५ ची. २२ जुलै २०२१ ला कुठे उभी होती?


स्टुटगार्टकर

मूळचा सांगलीचा, इथे इंजिन कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. वायरमन काकांनी लिहिलेलं सगळं तंतोतंत आहे. ईसीयूच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण त्यातून मास्तरांच्या गाडीच्या वागण्याचा उलगडा होईल.

सोलेनॉइडला अर्थ देणारा जो ट्रान्झिस्टर असतो, त्याच्याच चिपमध्ये तपासणीची सोय असते. सोलेनॉइड सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतो. बंद असतानाच्या क्षणी पिनवर कॉइलमधून येणारे बॅटरीचे व्होल्ट दिसायला हवेत. ते न दिसता पिन मधल्याच पातळीवर राहिली तर चिप म्हणते सर्किट तुटलंय. पिन शून्याजवळ गेली तर म्हणते अर्थला चिकटलंय. चालू असताना करंट मर्यादेबाहेर गेला तर प्लसला चिकटलंय. पी००४५, पी००४७ आणि पी००४८ हे वेगळे कोड यातूनच येतात. मास्तरांना ४५ आलाय, म्हणजे तुटलेलं.

आता गंमतीची नाही, महत्त्वाची बाब. तुटलं आहे का हे तपासण्यासाठी चिप जो करंट वापरते तो अगदी किरकोळ असतो. म्हणजे तिची अवस्था काकांनी सांगितलेल्या मीटरसारखीच. वायर अर्धी कुजलेली असेल, सोलेनॉइडला पुरेसा करंट मिळत नसेल, तरी चिपला सर्किट जोडलेलंच दिसतं. ती बोलते फक्त तेव्हा, जेव्हा जोड त्या क्षणी खरोखर सुटतो. मास्तर, लाईट लागण्याच्या आधीही काही महिने गाडी घाटात थोडी जड वाटत होती का? वाटत असेल तर ते याचंच लक्षण. व्हॅक्यूमवाल्या बहुतेक व्हीजीटींत सोलेनॉइडने टर्बोकडे व्हॅक्यूम जाऊ दिला की पात्या मिटतात आणि खालच्या आरपीएमला बूस्ट बनतो. सोलेनॉइड अर्धवट उघडला तर पात्या अर्धवट मिटतात.

चावी बंद-चालू केल्यावर गाडी बरी होते, कारण लिंप मोड (दोष दिसला की ईसीयू गाडीची ताकद मुद्दाम कमी करतो तो) बहुधा त्या चावीपुरताच धरून ठेवलेला असतो. पुन्हा चालू करताना ईसीयू नव्याने तपासतो, जोड तोवर टेकलेला असतो, आणि सगळं ठीक ठरतं. चेक लाईट मात्र सलग तीन फेऱ्या दोषाशिवाय गेल्यावर विझते आणि कोड ४० वेळा इंजिन थंडाचं गरम झाल्यावर आपोआप पुसला जातो. त्यामुळे पी०४०३ नंतर दिसला नाही याचा अर्थ तो दोष गेला असा नव्हे. गॅरेजवाल्यांनी स्कॅनरने कोड पुसले तेव्हा तोही पुसला गेला असेल.

बल्बबद्दल एक. काकांनी तो फक्त प्लसच्या वायरीवर आणि बॅटरीच्या मायनसला लावायला सांगितलाय, तसाच लावा. सोलेनॉइडच्या जागी, ईसीयूच्या पिनेशी, बल्ब लावू नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट घेतं आणि चिप त्याला शॉर्ट समजू शकते. ईसीयूच्या बाजूची तपासणी करायची झाली तर जुना काढलेला सोलेनॉइड हाच उत्तम भार आहे. टाकला नसेल तर जपून ठेवा.


मास्तर_चिपळूण

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून आधी बायकोला हाक मारली. गाडी त्या दिवशी घराजवळच होती. वाशिष्ठीचं पाणी चढायला लागल्यावर आम्ही ती उंचावर नेऊन लावली, तरी बंपरच्या वरपर्यंत पाणी आलं. आत सीटपर्यंत पोचलं नाही, म्हणून ऑइल, फिल्टर, ग्रीस एवढं बदलून गाडी चालू केली. त्याला इतकी वर्षं झाली की पुराचा आणि या त्रासाचा संबंध डोक्यातही आला नाही. आणि स्टुटगार्टकर, होय, गाडी जड वाटत होतीच. मी डिझेलला दोष देत होतो.

काल दुपारी गाडी गुहागर रस्त्याला चांगली तापवून आणली आणि बॉनेट उघडलं. मोजणी अशी:

कपलर काढून, बल्बशिवाय: १२.४.
बल्ब लावून, बल्बवर: ९.१. बॅटरीवर त्याच वेळी १२.४.
फ्यूजच्या बाहेरच्या बाजूला, बल्ब तसाच पेटता: १२.३.

बॅटरीच्या ट्रेखालचा हार्नेस बोटाने वर उचलला की बल्ब मंद होत होत विझला. सोडला की पुन्हा पेटला. मुलगा शेजारी उभा होता, त्यालाही दाखवलं. जुना सोलेनॉइड आहे, नव्याची आणि त्याची कॉइल मोजली. दोन्ही १४ च्या जवळपास, म्हणजे जुन्यात काही दोष नव्हता असं दिसतं. गरम झालेल्या नव्याची पावणेअठरा दाखवली, ते बरोबर आहे का?

ट्रे अजून काढली नाही. इथून पुढे मी करू की वायरमनला बोलावू?


कराडचा_वायरमन

पावणेअठरा बरोबर आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशाला १४ असेल तर ९५ अंशाला हिशेबाने १७.८ येतो. तुमची कॉइल निरोगी आहे.

दोष तुम्हाला सापडलाय. फ्यूजपर्यंत १२.३ आणि कपलरला ९.१, मधे तीन व्होल्टच्या वर खाल्ले जातायत, आणि ते सुद्धा नुसत्या ०.४ अँपियरच्या खाली. हिशेब केला तर तिथे नऊ ओहमच्या आसपास अडथळा बसलाय. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरा. १४ ओहमची कॉइल आणि ९ ओहमचा कुजका जोड एका रांगेत, तर सोलेनॉइड पूर्ण चालू असतानाही कॉइलच्या वाट्याला साडेआठ व्होल्ट. गाडी जड वाटणार नाही तर काय होणार. आणि कॉइल तापली की तिचा करंट अजून उतरतो.

हात चालत असेल तर तुम्हीच करा. बॅटरीचं मायनस आधी काढा. बॅटरी आणि ट्रे बाजूला घ्या. हार्नेसवरची फ्लेक्सिबल स्लीव्ह उकलून कापडी टेप सोडवा. फॅक्टरीचा जॉइंट सापडेल, एका बाजूने एक वायर आणि दुसऱ्या बाजूने दोन-तीन फाटे. तिथे हिरवी पूड दिसेल असं मला वाटतं. पुराचं पाणी जॉइंटमध्ये शिरलं की वरून वाळतं पण आत वायरीच्या तारांमधून वर चढत राहतं. म्हणून फक्त जॉइंट कापून नवा केला तर पुरणार नाही. दोन्ही बाजूंना वायर सोलत मागे जा. तार काळी किंवा हिरवट दिसतेय तोवर कापत राहा, लालसर चकचकीत तांबं लागलं की थांबा. कधी ते चार बोटांवर लागतं, कधी वीतभर जावं लागतं. मधे जेवढा तुकडा कमी पडेल तेवढी नवी पाऊण स्क्वेअर एमएमची गाडीचीच वायर घाला. घरच्या फिटिंगची घालू नका, तिचं इन्सुलेशन बॉनेटखालची उष्णता आणि ऑइल सोसत नाही.

जोड चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबून करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. गोंदाशिवायची घेऊ नका, ती फक्त झाकते, पाणी थांबवत नाही. सोल्डर करणार असाल तर रोझिनची कोर असलेली तार वापरा, पत्र्याच्या कामाची पेस्ट अजिबात नको. तिचं आम्ल आत राहून वायर खातं. आणि सोल्डर केलेली जागा हलत्या भागात ठेवू नका, कडेला तार मोडते. सगळे फाटे एकाच ठिकाणी न जोडता दोन-दोन बोटं मागे-पुढे जोडा. शेवटी हार्नेस परत बांधताना जॉइंट सगळ्यात खालच्या वळणावर येऊ देऊ नका. पाणी ओघळत खाली जाऊन थेंब पडेल असा झोल दुसरीकडे द्या.

सगळं जोडल्यावर बल्बने परत मोजा, बूस्टच्या कपलरवर आणि ईजीआरच्या कपलरवरही. त्याच जॉइंटमधून तिसरा फाटा कुठे जातो ते शोधून तिथेही मोजा, तो अजून बोलला नाही म्हणून तो चांगला असेलच असं नाही. बॅटरीच्या मायनसची आणि इंजिनच्या अर्थची बोल्टं उघडून घासून घ्या, पाणी तिथेही गेलं होतं. मग कोड पुसा आणि घाटात जा.


मास्तर_चिपळूण

झालं. टेप सोडवल्यावर जॉइंट हिरवागार, एक फाटा तर दोन तारांवर लटकलेला. एका बाजूला वीतभर कापावं लागलं. आता बल्बवर १२.२, बॅटरीवर १२.४. ईजीआरकडेही तेवढेच. तिसरा फाटा ग्लो प्लगच्या रिलेकडे निघाला, तिथे १२.२. शनिवारी आई-वडिलांकडे जाऊन आलो, जाताना पोफळीपासून वरपर्यंत गाडी तिसऱ्यात ओढत गेली. कोड नाही. जुना सोलेनॉइड डबीत घालून गाडीत ठेवलाय. काका, कराडला येऊन भेटायचं आहे.


पुणेकर_टर्बोपेट्रोल

मास्तरांचं वाचून आनंद झाला. माझी एक लिटर टर्बो पेट्रोल आहे, तिलाही कोड आलाय पण टर्बोवर व्हॅक्यूमचा पाईपच नाही, पाच वायरींचा कपलर आहे. हाच बल्ब तिथे लावू का?


कराडचा_वायरमन

नको, अजिबात लावू नका. तुमच्या टर्बोवर वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) हलवायला मोटर आहे आणि तिच्यात जागा सांगणारा सेन्सर. दोन वायरी मोटरच्या. ईसीयू त्या दोन्ही वायरींवर प्लस-मायनस उलटसुलट करून मोटर दोन्ही दिशांना फिरवतो, म्हणजे फ्यूजवरून थेट येणारा प्लस तिथे नाहीच. उरलेल्या तीन सेन्सरच्या: पाच व्होल्टचा पुरवठा, सेन्सरचं मायनस आणि सिग्नल. या पाच व्होल्टच्या वायरीवर बल्ब लावला तर ईसीयूचा तो पुरवठा खाली बसेल आणि त्याच पुरवठ्यावरचे दुसरे सेन्सरही एकदम वेडेवाकडे आकडे द्यायला लागतील.

तुम्ही आधी कोड नेमका कुठला ते लिहा. मोटरच्या सर्किटचा आहे, की सेन्सरच्या, की जागेवर पोचत नाही असा आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. चावी ऑन करून इंजिन बंद असताना स्कॅनरवर बूस्टच्या सेन्सरचा दाबही बघून ठेवा. पुण्यात तो ९५ किलोपास्कलच्या जवळ दिसायला हवा, समुद्रकाठी असता तर १०० च्या आसपास. तिथे भलताच आकडा दिसला तर वेस्टगेटकडे जायच्या आधी तो सेन्सर आणि त्याची वायर. आकडा बरोबर असेल तर कपलर न काढता, इंजिन न चालू करता, लाइव्ह डेटामध्ये वेस्टगेटची मागितलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा या दोन ओळी शोधा आणि फोटो इथे टाका. चावी ऑन केल्याबरोबर काही गाड्या वेस्टगेट एकदा पूर्ण मिटवून-उघडून बघतात, तेव्हा दोन्ही आकडे सोबत हलतात का, तेही नीट बघा.